सातवीतली लेक स्कूल बोर्डासमोर बोलणार म्हणते, जाऊ देऊ का?

टेक्सासहून एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगते. डॅलसजवळच्या एका सबर्बमध्ये राहतात, नवरा एच-वन-बी वर, ग्रीन कार्डची लाइन "चालू" आहे (किती चालते ते आपल्याला माहितीये). मुलगी सातवीत, जन्म तिथलाच. शाळेच्या लायब्ररीतली एक ग्राफिक नॉव्हेल (चित्रांतून सांगितलेली कादंबरी) कोणा पालकाने लेखी तक्रार केली म्हणून शेल्फवरून काढली, ते हिचं लाडकं पुस्तक, मग हिने मैत्रिणींना घेऊन सह्या गोळा केल्या, प्रिन्सिपलना इमेल केला, आणि आता पुढच्या स्कूल बोर्ड मीटिंगला माइकसमोर उभी राहून बोलणार म्हणते. नवऱ्याचं म्हणणं, घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, आपण व्हिसावरची माणसं, कशाला हव्यात या भानगडी. त्यात तक्रार करणारी बाई निघाली यांच्याच मराठी मंडळातली, दोघी गणपतीच्या कमिटीत एकत्र. आणि पत्राच्या शेवटी ताई लिहितात, "त्या पुस्तकाची दोन पानं व्हॉट्सॲपवर फिरतायत ती मी बघितली आणि खरं सांगू, मलाही नाही आवडली. मग मी हिच्या बाजूने कशी उभी राहू?"

ताई, बाकीचं नंतर बघू, आधी तुमच्या या शेवटच्या प्रश्नाचं बोलूया, कारण माझ्या मते तुम्ही खऱ्या अडकलायत त्या इथे. व्हिसा, मंडळ, नवरा हे सगळं आहेच, पण मनातून तुम्हाला वाटतंय की पुस्तक खरंच घाण असेल तर?

तर मग पुस्तक वाचा. अख्खं वाचा. ग्राफिक नॉव्हेल आहे, एका संध्याकाळी होऊन जाईल. दोन पानांचे स्क्रीनशॉट बघून मत बनवायचं आणि तेच मत मुलीसमोर मांडायचं, हे तिला लगेच कळणार, सातवीतली पोरं याबाबतीत फार बेरकी असतात, "आई तू वाचलंयस का?" हा पहिलाच प्रश्न येणार आणि तुमची बोलती बंद. या सगळ्या प्रकारात तक्रारींचं असंच चालतं बघा, एक-दोन पानं काढायची, त्यांच्या आधीचं-नंतरचं काही दाखवायचं नाही, आणि ती हातोहात फिरवायची. चित्रं असलेल्या पुस्तकांचं तर मरणच, कारण चित्राचा फोटो काढणं सोप्पं. परिच्छेद वाचायला वेळ लागतो, चित्र बघून दोन सेकंदात "अगंबाई" होतं.

आणि समजा पूर्ण वाचूनही नाही आवडलं, तर? तर नाही आवडलं. तसं सांगा तिला, कुठलं पान खटकलं, का खटकलं, तिला त्यात काय दिसतं ते विचारा. पण ताई, पुस्तक सगळ्यांना आवडलंच पाहिजे असं ती म्हणतच नाहीये (तुम्ही तिच्या इमेलमधली वाक्यं पाठवलीत त्यावरून तरी). तिचा प्रश्न एवढाच आहे की एका घरातल्या आईने नको म्हटलं म्हणून हजार घरांतल्या मुलांना ते का मिळू नये. हा प्रश्न तुम्हाला पुस्तक न आवडताही पटू शकतो.

टेक्सासात तर तो जास्तच पटायला हवा, कारण तिथे आता २०२५ चा तो सिनेट बिल १३ वाला कायदा लागू आहे, सप्टेंबर २०२५ पासून. पालकांना लायब्ररीवर भरपूर अधिकार देणारा कायदा आहे, आणि त्यातच अशी सोय आहे की आपल्या मुलाने कुठली पुस्तकं घ्यायची नाहीत याची यादी पालक शाळेला देऊ शकतात. म्हणजे त्या मंडळातल्या बाईंना त्यांच्या मुलीपुरतं हे पुस्तक बंद करायचं तर ते एका फॉर्मचं काम होतं. तुम्हालाही हवं तर तुमच्या मुलीपुरतं करता येईल. त्याच कायद्याने तक्रार आली की निकाल लागेपर्यंत ते पुस्तक मुलांच्या हाताला लागू द्यायचं नाही अशीही तरतूद केलीय, म्हणून हिचं पुस्तक एका रात्रीत गायब झालं. लेकीला सांगा की भाषणात हाच मुद्दा सगळ्यात आधी घे: माझ्या आईला माझ्यासाठी ठरवू दे, तिला तो अधिकार कायद्यानेच दिलाय, दुसऱ्या कोणाच्या आईने माझ्यासाठी का ठरवायचं? समोर बसलेले ट्रस्टी (म्हणजे बोर्डाचे सदस्य) पालकांच्या हक्कांच्या नावाने निवडून आलेले असले तर त्यांनाही हे वाक्य खोडता येणं अवघड आहे. "फ्रीडम" वगैरे मोठे शब्द ते रोज ऐकतात, त्याने काही हलत नाही.

आता तुमच्या नवऱ्याचं. त्यांना भित्रा बित्रा म्हणू नका हो. २०२५ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा राजकीय बोलण्यावरून रद्द झाले, त्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, त्यामुळे आत्ता भीती वाटणं यात वेडेपणा काही नाही. पण भीतीचा आकार नीट मोजूया. बोलणार कोण? मुलगी, आणि ती जन्माने अमेरिकन नागरिक आहे. बोलणार कशावर? शाळेच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकावर, शाळेच्याच बोर्डासमोर, बोर्डाने लोकांसाठी ठेवलेल्या वेळात. यात व्हिसाची कुठली अट मोडते असं मला तरी दिसत नाही. आणि अमेरिकेत राहणाऱ्या परकीय नागरिकांनाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे हे सुप्रीम कोर्टाने १९४५ सालीच ब्रिजेस विरुद्ध विक्सन या केसमध्ये म्हटलंय. तरी मी वकील नाही, आणि तुमची फाइल मी बघितलेली नाही. नवऱ्याच्या पोटात गोळा येत असेल तर कंपनीच्या वकिलावर न थांबता स्वतःचा इमिग्रेशन वकील गाठून एकदा पंधरा-वीस मिनिटं विचारून घ्या, त्यांना रात्री झोप लागेल आणि घरातला वाद संपेल. तोवर तुम्ही दोघांनी स्वतः माइकवर जायची, फेसबुकवर भांडायची काही गरज नाही. ही लढाई तुमच्या लेकीची आहे, ती तिचीच राहू दे.

"याने होणार काय?" असंही त्यांनी विचारलंय म्हणे. रास्त प्रश्न आहे. ऐका.

याआधी असं झालंय. न्यूयॉर्कमधल्या आयलंड ट्रीज नावाच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बोर्डाने १९७६ मध्ये लायब्ररीतली नऊ पुस्तकं काढायला लावली, तेव्हा स्टीव्हन पिको हा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्याबरोबर आणखी काही विद्यार्थी कोर्टात गेले. त्यातला एक तर तेव्हा ज्युनिअर हायमध्ये होता, म्हणजे तुमच्या लेकीच्याच वयोगटातला. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला, त्यातल्या मुख्य मतात जस्टिस ब्रेनन यांनी म्हटलं की पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणाने बोर्डाला ते शाळेच्या लायब्ररीतून काढता येणार नाही. पण त्या मुख्य मतालाही पाच जजेसची पूर्ण साथ नव्हती, त्यामुळे तो निकाल कायम लंगडाच राहिला, अन् गेली चाळीसहून जास्त वर्षं वकील त्याच्यावर भांडतायत.

आणि टेक्सासपुरतं बोलायचं तर तो रस्ता आता जवळपास बंदच झालाय. लानो काउंटीच्या पब्लिक लायब्ररीतून पुस्तकं काढली म्हणून तिथल्या वाचकांनी केस केली होती, ती फिफ्थ सर्किट कोर्टाने (टेक्साससकट तीन राज्यांचं फेडरल अपील कोर्ट) मे २०२५ मध्ये १० विरुद्ध ७ अशी वाचकांच्या विरोधात दिली, म्हणाले की लायब्ररीने पुस्तक काढलं तर "माहिती मिळवण्याचा हक्क" सांगून त्याला आव्हान देता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती केस हातात घ्यायलाच नकार दिला. म्हणजे टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी या तीन राज्यांत कोर्टाकडून फार आशा नाही. हे वाचून नवरोबा म्हणतील, बघ, मी म्हणत होतो. पण मला तर यातून उलटंच दिसतं. कोर्ट नाही म्हटल्यावर उरतं काय, तर स्कूल बोर्ड. तिथे बसलेले लोक कोणी जज नाहीत, त्याच गावातली निवडून आलेली माणसं आहेत, त्यांना पुढच्या निवडणुकीत मतं मागायचीयत. मग तिथे माइकवर बोलायला मिळणारी ती दोन-तीन मिनिटं फुकट कशी?

पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रल यॉर्क डिस्ट्रिक्टमध्ये हेच झालं. तिथे बोर्डाने २०२० च्या शेवटी पुस्तकांची आणि इतर साहित्याची एक अख्खी यादीच गोठवली होती, बहुतेक कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य लेखकांची. विद्यार्थी रोज सकाळी शाळा भरायच्या आधी काळे कपडे घालून, पाट्या घेऊन बाहेर उभे राहायला लागले, बोर्ड मीटिंगला जाऊन बोलले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बोर्डाने एकमताने निर्णय मागे घेतला. कोर्ट बिर्ट काही नाही. ती मुलं हायस्कूलची होती, तुमची सातवीतली, मान्य. दर वेळी असं होतं का, नाही होत. पेन अमेरिका ही संस्था मोजदाद ठेवते, त्यांच्या हिशोबाने २०२३-२४ या शाळेच्या वर्षात देशभरात १०,०४६ वेळा पुस्तकांवर बंदी आली आणि २०२४-२५ मध्ये ६,८७० वेळा, आणि या दुसऱ्या वर्षात फ्लोरिडाच्या खालोखाल टेक्सास. तेव्हा तुमच्या लेकीचं पुस्तक परत येईलच असं मी सांगणार नाही, आणि तुम्हीही तिला सांगू नका. ती हरू शकते हे आधीच माहीत असलेलं बरं.

मीटिंगचं जरा सविस्तर सांगते, कारण यात पोरांचा हिरमोड होतो आणि कोणी आधी सांगत नाही.

अजेंडा मीटिंगच्या काही दिवस आधी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर येतो, त्यात लायब्ररीचा किंवा त्या पुस्तकाचा विषय आहे का ते बघा. अजेंड्यावरच्या विषयावर लोकांना बोलू द्यावंच लागतं, टेक्सासात २०१९ पासून तसा कायदा आहे. विषय अजेंड्यावर नसेल तर मात्र बोलू द्यायचं की नाही हे डिस्ट्रिक्टच्या नियमांवर, म्हणून नाव नोंदवायच्या आधी नियम वाचा. नाव नोंदवायला मुदत असते, काही ठिकाणी त्याच दिवशी दुपारपर्यंत, आणि ती चुकली की संपलं. फॉर्मवर काही ठिकाणी पत्ताही मागतात. अल्पवयीन मुलीचा पत्ता पब्लिक रेकॉर्डमध्ये द्यायचा नसेल तर बोर्डाच्या ऑफिसला आधी फोन करून विचारा काय करता येईल. मीटिंगचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, लाइव्हही जातं बऱ्याच ठिकाणी, म्हणजे तिचा चेहरा आणि आवाज इंटरनेटवर राहणार. हे तिच्याशी आधी बोला. घाबरवायला नको, पण उद्या कोणी क्लिप कापून वर काहीतरी घाणेरडं लिहून टाकलं तर आपण काय करायचं (कमेंट्स वाचायच्या नाहीत, उत्तरं द्यायची नाहीत, आईबाबांना सांगायचं) हे आधी ठरलेलं असू दे. हे ऐकून ती म्हणाली की नको मग, मी लिहूनच पाठवते, तर तेही तितकंच चांगलं. ट्रस्टींना इमेल करता येतो. माइकवर गेली तरच शूर असं काही नाही.

भाषण दोन साइजमध्ये तयार ठेवायचं. तीन मिनिटं मिळाली तर एक आणि गर्दी झाल्यावर अध्यक्षांनी ऐनवेळी "प्रत्येकाला एक मिनिट" केलं तर दुसरं, साधारण सव्वाशे शब्दांचं. असं नेहमी होतं, आणि मोठी माणसंसुद्धा तीन मिनिटांचं भाषण एका मिनिटात कोंबायला जातात आणि मुद्दा यायच्या आत टायमर वाजतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला सांगा की समोरचे लोक काहीच बोलणार नाहीत. विषय अजेंड्यावर नसेल तर टेक्सासच्या ओपन मीटिंग्जच्या कायद्यात ट्रस्टींना त्यावर चर्चाच करता येत नाही, फार तर एखादी माहिती सांगतील, आणि विषय असला तरी पब्लिक कमेंटला उत्तर न देण्याचीच पद्धत असते. बारा वर्षांची पोर जीव तोडून बोलते आणि समोर सात चेहरे दगडासारखे, एकजण खाली काहीतरी लिहितोय, एकजण पाणी पितोय, "थँक यू, नेक्स्ट". पोरीला वाटतं माझं कोणी ऐकलंच नाही. ऐकलेलं असतं हो. फक्त चेहऱ्यावर दाखवत नाहीत. हे आधी माहीत असेल तर गाडीत बसल्यावर रडारड होणार नाही, किंवा थोडी कमी होईल.

भाषण तिलाच लिहू द्या. तुम्ही लिहिलेलं कळतं आणि चॅटजीपीटीने लिहिलेलं तर दोन ओळींत कळतं, त्यात ती सातवीतली राहतच नाही. तिने इमेलमध्ये लिहिलंय ना, की त्या गोष्टीतल्या मुलीला डबा खाताना एकटं बसावं लागतं ते वाचून मला बरं वाटलं कारण सहावीत मीपण तशीच बसायचे, ते वाक्य भाषणात येऊ दे. ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. तुम्ही फक्त वेळ लावून ऐका, आणि वाचताना फार भराभर बोलतेय का तेवढं बघा.

एक गोष्ट मात्र कडक शब्दात सांगून ठेवा: लायब्रेरियनचं नाव घ्यायचं नाही. "आमच्या लायब्रेरियन मॅमना पण हे पटलेलं नाही" असं पोरगी निरागसपणे बोलून जाईल आणि त्या बाईंच्या नोकरीवर येईल. त्यांना सध्या तसाही ताप कमी नाही. कुठल्या टीचरने काय म्हटलं, कोणाचा पाठिंबा आहे, काही नाही. तसंच तक्रार कोणी केली त्यांचंही नाव नाही, "एक पालक" म्हणायचं.

शाळेत कोणी तिला गप्प बसवायला बघत असेल, सह्या घेऊ नको, शर्टवर बिल्ला लावू नको वगैरे, तर तिला मेरी बेथ टिंकरची गोष्ट सांगा. १९६५ मध्ये आयोवातल्या डे मॉइन या गावात आठवीतली तेरा वर्षांची मुलगी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात दंडाला काळी पट्टी बांधून शाळेत गेली, शाळेने सस्पेंड केलं, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की शाळेच्या फाटकातून आत आल्यावर विद्यार्थ्यांचा बोलण्याचा हक्क बाहेर राहत नाही, फक्त शाळेच्या कामात मोठा गोंधळ होता कामा नये. तो निकाल आजही लागू आहे, टेक्सासातही. म्हणजे मधल्या सुट्टीत सह्या घ्या, गणिताच्या तासाला नको.

तुम्ही स्वतः काय करायचं ते विचारलंत. मीटिंगला जा आणि मागे बसा, जेवून जा कारण पब्लिक कमेंट कधीकधी बक्षिसं आणि सत्कार झाल्यावर रात्री उशिरा येते. व्हिडिओ काढून लगेच फॅमिली ग्रुपवर टाकू नका, तिला विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि जमलं तर एक काम करा जे ती करू शकत नाही: त्या सिनेट बिल १३ वाल्या कायद्यानुसार डिस्ट्रिक्टमध्ये लायब्ररी ॲडव्हायझरी कौन्सिल (शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकांबद्दल सल्ला देणारी समिती) असू शकते, त्यात बहुसंख्य जागा पालकांच्या असतात. तिथे बहुतेक वेळा ज्यांना पुस्तकं काढायचीयत तेच पालक पोचतात, बाकीचे घरी बसून चिडतात. तुमच्याकडे कौन्सिल आहे का, त्यात पालक कसे घेतात, हे विचारा. तुम्हाला त्या पुस्तकातली दोन पानं खटकली हे तिथे कमीपणाचं नाही, उलट "मला खटकली आणि तरी मी ठेवा म्हणते" असं म्हणणारा पालक तिथे हवाच आहे.

लोक म्हणतील, एवढा काय बाऊ, ॲमेझॉनवर मिळतं की, विकत घ्या. तुम्ही घ्याल हो. पण हिच्या वर्गातल्या ज्या मुलीच्या घरी पुस्तकं विकत घेत नाहीत, किंवा जिला घरी असलं पुस्तक मागताच येणार नाही, तिच्यासाठी शाळेची लायब्ररी सोडून दुसरं काही नसतं, आणि नेमकी तीच सहीला पुढे येत नाही. मीटिंगमध्ये हरलं तरी गावच्या पब्लिक लायब्ररीत पुस्तक आहे का बघा. ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी २०२२ पासून देशभरातल्या १३ ते २१ वयाच्या मुलांना फुकट ई-कार्ड देते, खास अशा काढलेल्या पुस्तकांमुळेच सुरू केलेलं. तुमची लेक बाराची आहे म्हणजे वाढदिवसापर्यंत कळ काढावी लागेल. आणि पेनसिल्व्हेनियात आठवीतल्या एका मुलीने २०२२ मध्ये गावातल्या पुस्तकाच्या दुकानात अशा पुस्तकांचा बुक क्लबच सुरू केला, तसलं काहीतरी हिलाही सुचेल. माइकपेक्षा ते जास्त दिवस चालतं आणि त्यात मजापण आहे.

राहता राहिल्या मंडळातल्या वहिनी. मीटिंगच्या आधी त्यांना तुम्ही स्वतः फोन करा. त्यांना हे तिसऱ्याकडून कळलं तर गणपतीपर्यंत त्याचा भाऊबंदकीसारखा वाद होईल. मन वळवायला जाऊ नका, फक्त सांगा की माझी मुलगी बोर्डासमोर बोलणार आहे, तुमचं नाव कुठेही येणार नाही, मी पुस्तक पूर्ण वाचलंय, तुम्हाला हवं असेल तर आपण दोघी एकदा बसून बोलू. त्या कदाचित फणकारतील. कदाचित म्हणतील की मीसुद्धा ती दोनच पानं बघितली होती, तेव्हा "बघा, मी म्हटलं नव्हतं" असं म्हणायचा मोह आवरा आणि तुमच्याकडची कॉपी त्यांना वाचायला द्या. कमिटीतलं डेकोरेशनचं काम मात्र ठरल्याप्रमाणे एकत्रच करा, आणि पोरींची मैत्री असेल तर ती या सगळ्यापासून लांब ठेवा, त्या दोघी आपसात काय ते बघून घेतील.